दाब... धर... सोड : ब्रेकमधली हवा काढण्याच्या पद्धतींमागचा इतिहास

आमच्या पद्मिनी गाडीचे ब्रेक वडील अंगणातच ब्लीड करायचे, म्हणजे त्यातली हवा काढायचे. मी सीटच्या टोकाला बसून पाय पॅडलवर, ते मागच्या चाकाशी उकिडवे. 'दाब.' 'धर.' निप्पल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा पोकळ स्क्रू, अर्धा फेरा सैल झालं की पॅडल पायाखाली खचायचं आणि पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरायचे. निप्पल आवळून झाल्यावरच 'सोड'. त्याआधी पाय उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाणार.

हवेचं हे दुखणं आलं ते तेलावर चालणाऱ्या ब्रेकांबरोबर. त्याआधी सळ्या आणि केबल असायच्या. तिथे हवेचा प्रश्नच नव्हता, पण चारही चाकांना सारखा जोर मिळवणं महाकठीण. माल्कम लॉकहीडने १९१७मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं, १९२१च्या सुमारास ड्यूसेनबर्गच्या गाडीत ते चारही चाकांना लागले, १९२४मध्ये क्रायस्लरने उचलले. फोर्ड मात्र १९३९पर्यंत यांत्रिक ब्रेकवरच अडून राहिली. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणूनच लाइनमध्ये हवा राहिली की पॅडल स्पंजसारखं लागतं.

दुसरी अडचण तेलाचीच. ग्लायकोलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५वर येते. घाटउतारावर हा फरक जिवावर बेतू शकतो. त्यामुळे हवा शिरलेली नसली तरी तेल बदलावंच लागतं.

जोडीदार नसेल तर? त्यासाठी वरून, तेलाच्या टाकीतून, दाब देणारे आणि निप्पलकडून ओढणारे व्हॅक्यूम पंप आले. व्हॅक्यूमची गंमत अशी, की निप्पलच्या आट्यांतूनही हवा ओढली जाते आणि बुडबुडे थांबतच नाहीत. नवखा माणूस उगाच तेल वाया घालवत बसतो. १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं. त्याच्या झडपांत हवा अडकली, तर बऱ्याच गाड्यांत गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावूनच ती निघते. तिथे घरी हट्ट करू नये.

नुसतं तेल बदलायचं असेल, तर मला अजूनही दोन माणसांचीच पद्धत भरवशाची वाटते. वडील पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचे. पॅडलने तेलावर दाब देणाऱ्या मुख्य नळकांड्यात, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये, तो जुना असेल तर जिथे रबरी सील रोज पोहोचत नाही तिथे गंज साचतो. पॅडल तळाला टेकवलं की सील त्यावर घासून फाटतं.