घळीतील पाण्याची पाहणी

अरुंद आणि खोल घळीत दोराने उतरण्यापूर्वी त्या घळीत पाणी किती आहे, ते वाहते आहे की साचलेले, आणि आपण आत असताना वरून आणखी पाणी येण्याची शक्यता कितपत आहे, याचा अंदाज घेण्याचे काम. घळ उतरण्याच्या या खेळाला अमेरिकेत कॅनियनीअरिंग आणि युरोपात कॅनियनिंग म्हणतात. भारतात यांतले दुसरे नाव अधिक चालते. खोलीच्या मानाने रुंदी फारच कमी असलेली घळ म्हणजे स्लॉट कॅनियन. सह्याद्रीतले भटके तिला घळ, नळी किंवा नाळ म्हणतात. महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांधण. ती भंडारदऱ्याच्या परिसरातून सह्याद्रीचा कडा चिरत पश्चिमेला ठाणे जिल्ह्यात, डेहणे गावाच्या बाजूला उतरते. सुरुवातीला पाण्याचे डोह, मग अजस्र धोंडे आणि त्यापुढे दोर लावून उतरायचे कातळटप्पे, अशी तिची रचना आहे.

सोलापूर जिल्हा पठारी. घळ उतरायची तर इथल्या मंडळींना सह्याद्रीच गाठावा लागतो, आणि सांधणीसाठी साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त प्रवास करावा लागतो. शनिवारी संध्याकाळी निघायचे, रात्रभर गाडीत, पहाटे साम्रदला. पाहणी नीट होत नाही ती बहुतेक वेळा याच अंतरामुळे. रात्रभर जागून आलेल्या गटाला घळीच्या तोंडाशी उभे राहून "आज नको" म्हणणे जड जाते. म्हणून पाण्याच्या पाहणीचा निम्मा भाग सोलापुरातच, गाडी निघण्याआधी, उरकला पाहिजे.

पाणी कुठून येते

घळीतला धोका डोक्यावर दिसणाऱ्या आभाळाच्या पट्टीवरून ओळखता येत नाही. तो वरच्या पाणलोटातून येतो आणि तो पाणलोट घळीतल्या माणसाला दिसत नाही. ही गोष्ट सोलापूरकराला नव्याने सांगावी लागू नये. पंढरपुरात थेंब नसताना चंद्रभागेचे पाणी वाळवंटावर चढते, पुंडलिकाचे मंदिर पाण्याने वेढले जाते, आणि घाटावरचा जाणता माणूस वर न बघता विचारतो, "दौंडला विसर्ग किती आहे?" कारण ते पाणी पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पडलेले असते. ते उजनीत येते, उजनी भरली की खाली सुटते आणि वीर धरणातून सोडलेले नीरेचे पाणी नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर त्याला मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा आणि मोहोळ तालुक्यांतली गावे पाण्यात गेली, तेव्हाही नदीच्या वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा त्यात मोठा वाटा होता.

फरक वेळेचा आहे. भीमेचा पूर कळवून येतो. धरणातून किती क्युसेक (दर सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडले ते जाहीर होते, नदीकाठच्या गावांत दवंडी फिरते, जनावरे हलवायला काही तास मिळतात. घळीत मिनिटेच मिळतात. उघडा कातळ पाणी मुरवत नाही. काळ्या मातीचे रान पहिला पाऊस पिऊन घेते तशी सोय तिथे नसते. शिवाय नदीला पसरायला शेते असतात. घळीत पाण्याला पसरायला जागाच नसल्याने ते फक्त वर चढते.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. समजा घळीचा पाणलोट ५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर वळवाची एक सर २० मिलिमीटर पडली. एकूण पाणी १० कोटी लिटर. त्यातले निम्मेच वाहून आले आणि त्याला एक तास लागला असे धरले, तरी सरासरी प्रवाह सुमारे ४९० क्युसेक होतो. उजनीचे आकडे लाखात ऐकलेल्या कानाला हे काहीच वाटणार नाही. पण अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीची नॅरोज नावाची घळ प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की पर्यटकांना बंद करतात, आणि ती घळ सर्वांत चिंचोळ्या जागीही वीसेक फूट रुंद आहे. आपल्याकडच्या नळ्या काही टप्प्यांत त्याहून अरुंद असतात.

घडलेल्या दुर्घटना

१२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हताच; वादळ कित्येक किलोमीटर वर, पाणलोटात बरसले होते. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेनबाख ओढ्यात वादळी पावसानंतर आलेल्या पाण्याने २१ जणांचा बळी घेतला. त्यांत वाटाडेही होते, म्हणजे जाणत्यांची सोबत असूनही हे घडले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा गट बुडाला. ती घळ तशी लहान, नवख्यांनीही उतरावी अशी समजली जाते. त्या भागासाठी अमेरिकेची हवामान सेवा अचानक पुराच्या शक्यतेचा रोजचा दर्जा जाहीर करते, 'अपेक्षित नाही' पासून 'अपेक्षित' पर्यंत चार पायऱ्यांत. तरीही त्यासोबत एक गोष्ट बजावलेली असते: घळीत उतरायचे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी उतरणाऱ्याची.

नकाशा, अंदाज आणि रडार

पहिले काम नकाशावर. घळीच्या तोंडापासून वर जात दोन्ही बाजूंच्या डोंगरधारा जोडत गेले की पाणलोटाची सीमा मिळते. ही रेषा पेन्सिलीने एकदा आखली की हवामानाचा अंदाज कोणत्या जागेचा पाहायचा ते कळते. बहुतेक जण मुक्कामाच्या गावाचा किंवा थेट तालुक्याचा अंदाज पाहतात, आणि चूक तिथेच होते.

भारतीय हवामान विभागाचे हिरवे, पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे जिल्ह्यानुसार असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत-जामखेडची कोरडी माळराने आहेत आणि घाटघर-रतनवाडीचा घाटमाथाही आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस होतो. कर्जत-जामखेडची गत फार वेगळी नाही. घाटमाथ्यावर मात्र तो काही हजार मिलिमीटर असतो. जिल्ह्याला पिवळा रंग दिसला म्हणून घाटमाथ्यावरही हलकाच पाऊस होईल असे समजता येत नाही. विभागाच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस 'जोरदार' ठरतो. वर केलेल्या हिशेबातली सर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच होती. म्हणजे 'जोरदार पावसाचा इशारा नाही' या वाक्याला घळीपुरता फारसा अर्थ उरत नाही.

तीन तासांपुरता दिला जाणारा तात्काळ अंदाज, रडारची चित्रे आणि विजांसाठीचे 'दामिनी' ॲप हे शेवटच्या दिवसाचे साधन. सोलापूरच्या आभाळाचाही अभ्यास झालेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये पर्जन्यछायेतील ढगांवरचा आपला प्रयोग इथेच केला आणि त्यासाठी रडारही बसवले. पण सांधणीवरचे ढग पाहायचे तर सोलापूरचे नव्हे, मुंबईचे रडार उपयोगी. त्यालाही मर्यादा आहेत: डोंगराच्या आडोशाला लहानसा ढग तयार होऊन अर्ध्या तासात रिता झाला तर चित्रात तो येईपर्यंत पाणी वाटेला लागलेले असते.

ऋतूचे भान इथेच ठेवावे. पावसाळ्यात सांधण उतरत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फसवे असतात ते वळवाचे महिने, एप्रिल आणि मे. सकाळ स्वच्छ, दुपारपर्यंत अंगाची लाही, तीन-चारच्या सुमारास ईशान्येला काळे ढग आणि मग एकदम धो-धो. सोलापुरात हा वळीव पत्रे उडवून अर्ध्या तासात निघून जातो आणि आपण मातीचा वास घेत बाहेर येतो. त्या दिवसांत घळीत शिरायचेच असेल तर पहाटे शिरून दुपारच्या आत चिंचोळा भाग मागे टाकला पाहिजे. परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात, तर जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. तेव्हा थोडासा पाऊसही सगळाच्या सगळा वाहून येतो.

गावाकडची खबर

माझ्या मते पाहणीतला सर्वांत मोलाचा भाग हा. घळीजवळच्या गावात एक ओळखीचा माणूस असावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्याला फोन करावा. मात्र "पाऊस आहे का?" एवढेच विचारून फोन ठेवू नये. असे संभाषण साधारण या वळणाने जाते:

"मामा, सोलापूरहून बोलतोय. पाऊस हाय का ओ तिकडं?"

"न्हाई, चांगली उघडीप हाय. या की."

"काल दुपारी?"

"काल पडला तासभर. डोंगराच्या अंगाला तर लई काळं झालं होतं."

"पहिल्या डोहात पाणी कुठवर हाय?"

"परवा पोरं गेली होती, मांडीला लागलं म्हणत होती. आज काय कोणी बघितलं न्हाई."

पहिल्या उत्तरावर फोन ठेवला असता तर सगळे आलबेल वाटले असते. शेवटच्या उत्तरातून कळते की मांडीभर पाण्याची खबर पावसाच्या आधीची आहे आणि नंतरची खबर कोणाकडेच नाही. अशा वेळी सकाळी कोणी आत डोकावून येईल का, हे विचारावे, आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा.

पाण्याचे माप गावात अंगावरच सांगतात: घोटाभर, गुडघाभर, मांडीभर, कंबरभर, छातीभर, गळाभर, पुरुषभर. हे माप उत्तम आहे, कारण त्यात चूक कमी होते. फक्त सांगणाऱ्याची कंबर आणि आपल्या गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाची कंबर एका उंचीवर नसते, हे लक्षात ठेवावे. पाणी वाहते असेल तर माप बदलते. साचलेले कंबरभर पाणी चालून पार करता येते. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने गुडघाभर धारही माणसाला पाडते.

कमी पाण्याचा धोका

पाणी कमी म्हणजे घळ सोपी, हा समज सर्वत्र खरा नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वालुकाश्माच्या घळींत खोल, गुळगुळीत भिंतींचे खळगे असतात. ते काठोकाठ भरलेले असतील तर पोहून पलीकडे जाता येते. पाणी अर्ध्यावर उतरले की तळाला पाय टेकत नाहीत आणि काठालाही हात पोचत नाही. आपल्याकडच्या वाचकाने कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे डोळ्यांसमोर आणावेत. (ते कोरणारे पाणी पुढे घोड नदीतून भीमेला आणि उजनीला मिळते.) अशा एखाद्या रांजणात आपण पडलो आहोत आणि पाणी काठाखाली दीड पुरुष आहे अशी कल्पना केली की अडचण ध्यानात येते.

डोहाची खोलीही कायम राहत नाही. एका पावसाळ्यात तळाला वाळू आणि धोंडे भरतात, दुसऱ्यात वाहून जातात. गेल्या वर्षी उडी मारली ती जागा यंदा उथळ असू शकते, म्हणून तळ चाचपल्याशिवाय उडी नाही. थंडीचाही विचार हवा. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते आणि ऊन न पोचणाऱ्या घळीत पुन्हा ऊब मिळत नाही. सोलापूरच्या चाळीस अंशांतून आलेल्या माणसाला पहिल्या डोहाचा गारवा सुखाचा वाटतो. दुसऱ्या डोहानंतर दोराची गाठ मारताना बोटे ऐकेनाशी होतात.

घळीच्या तोंडाशी

शेवटची पाहणी डोळ्यांनी. आधी भिंतींकडे पाहावे. कपारींत अडकलेले सुके गवत, काटक्या, एखादा चिंधीचा तुकडा जितक्या उंचीवर दिसतो तितक्या उंचीवर पाणी कधीतरी गेले होते. डोक्याच्या कितीतरी वर लटकलेला गवताचा पुंजका एकदा पाहिला की घळीकडे बघण्याची नजर बदलते. मग पाण्याचा रंग. नितळ पाणी गढूळ होऊ लागले, त्यावर ताजा पाचोळा आणि फेस येऊ लागला, वाऱ्याचा अचानक झोत आला किंवा वरच्या बाजूने सलग घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच टाकून उंच जागा गाठायची. अशा जागा कुठे आहेत आणि त्यांच्यातले अंतर किती, हे आत शिरताना पाहून ठेवावे लागते.

जुनी आणि बिनखर्चाची एक रीत आहे. पाण्याच्या कडेला, अगदी जिथे ओल संपते तिथे, एक पांढरा खडा ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. तेवढ्यात दोर, कमरेचे पट्टे (हार्नेस), शिरस्त्राणे तपासून होतात. खडा कोरडा राहिला तर पाणी चढत नाही एवढे तरी कळते. तो भिजला तर निर्णय झाला.

हे सगळे पहिल्या टप्प्याचा दोर खाली ओढून घेण्याआधी व्हायला हवे. दोर ओढला की वर परतण्याची वाट बंद होते आणि पुढे फक्त खालीच जाता येते. त्यामुळे माघारीची मर्यादा सोलापुरातच, सर्वांच्या संमतीने ठरवून घेतलेली बरी: पहिल्या डोहात पाणी कंबरेच्या वर असेल, किंवा वाहते पाणी गुडघ्याला लागत असेल, किंवा आदल्या दिवशी पाणलोटात पाऊस झाला असेल आणि त्यानंतर कोणी आत पाहिलेले नसेल, तर उतरायचे नाही. त्या दिवसासाठी दुसरा बेतही तयार असावा. साम्रदहून रतनगडावर वाट जाते, आणि वळवाच्या दिवसांत तीही दुपारच्या आत उतरून यावी लागते.

उतरून आल्यावर तारीख, पहिल्या आणि दुसऱ्या डोहातले पाणी, आदल्या तीन दिवसांतला पाऊस, एवढे वहीत लिहून ठेवावे आणि साम्रदच्या त्या मामांनाही फोन करून सांगावे. पुढच्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी फोन येणार असतो.