फॉरमॅट मारला म्हणून विंडोजचं लायसन्स जात नाही

जुना लॅपटॉप फॉरमॅट करायचा म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं, "ओरिजिनल विंडोज उडेल, नवीन प्रॉडक्ट की (लायसन्सचा कोड) घ्यावी लागेल." हे खरं नाही. या भीतीपोटी लोक विनाकारण पैसे मोजतात किंवा क्रॅक केलेली विंडोज टाकून घेतात, याचं फार वाईट वाटतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हापासून कंपनीकडूनच विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची की साधारणपणे मदरबोर्डवरच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्येच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. हार्ड डिस्क पुसा नाहीतर बदला, ती जागची हलत नाही. विंडोज १० चं डिजिटल लायसन्सही मुख्यतः मदरबोर्डशीच बांधलेलं. त्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. म्हणून इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' या अर्थाचा पर्याय निवडा. नेट जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. मात्र आधी विंडोजची होम आवृत्ती असेल तर होमच टाका. प्रो आवृत्ती टाकलीत की ॲक्टिव्हेशन अडणार. मदरबोर्डच बदलला असेल तर गोष्ट वेगळी.

उडतो तो डेटा. डेस्कटॉपवरचे फोटो आणि डाउनलोड्स बहुधा सी ड्राइव्हवरच असतात. ते आधी बाहेर काढून ठेवा.