प्रभुभोजन : करिंथच्या भांडणापासून पुढे

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्या शेवटच्या भोजनाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी हकिकत शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, नाही. ती एका खरमरीत पत्रात आहे. इ. स. 55च्या सुमारास पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला हे पत्र लिहिले. तिथे एकत्र जेवायला जमल्यावर सुखवस्तू लोक आपापले खाऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने स्पष्ट बजावले की हे प्रभूचे भोजन नव्हेच. त्याच ओघात त्याने त्या रात्रीची आठवण दिली : येशूने भाकर घेतली, देवाचे आभार मानून मोडली आणि म्हटले, 'हे माझे शरीर आहे', 'माझ्या स्मरणार्थ हे करा'. जगभरच्या उपासनेत आजही म्हटले जाणारे हे शब्द पहिल्यांदा कागदावर आले ते कोण जेवले आणि कोण उपाशी राहिले या वादातून. प्रभुभोजनाचा अर्थ शोधताना हे नजरेआड होता कामा नये असे मला वाटते.

'स्मरण' हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. शुभवर्तमानकार मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूचे ते शेवटचे जेवण वल्हांडण या यहुदी सणाचे होते. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून आपण स्वतःच बाहेर पडलो असे प्रत्येक पिढीने मानावे, अशी यहुदी परंपरेची शिकवण आहे. म्हणजे हे स्मरण नुसते मागे वळून पाहणे नव्हे, त्या घटनेत स्वतः सामील होणे आहे. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द 'कोइनोनिया' हेच सांगतो. मराठीतली 'सहभागिता' त्याच्या अगदी जवळची. भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर, असे तो लिहितो. शुभवर्तमानकार योहानाने तर त्या रात्रीचे वर्णन करताना भाकर आणि प्याल्याचे शब्द दिलेच नाहीत. त्याने येशू शिष्यांचे पाय धुताना दाखवला.

दुसऱ्या शतकात, 155च्या आसपास, रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांवर आभाराची प्रार्थना होई, सगळ्यांना वाटणी होई आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो वाटा पोहोचवत. जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगातले लोक यांची सोय केली जाई.

पुढे मात्र चर्चेचा रोख मेजाभोवतीच्या माणसांवरून मेजावरच्या भाकरीकडे वळला. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममधल्या धर्मसभेने) सांगितले की भाकर आणि द्राक्षारसाचे बाह्य रूप तेच राहते, पण मूळ तत्त्व बदलून ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होते. वर्षातून निदान एकदा, ईस्टरला, ते ग्रहण करावे असा नियमही याच परिषदेला करावा लागला, इतके ते घेणे विरळ झाले होते. सामान्य भाविकांच्या हाती द्राक्षारसाचा प्यालाही उरला नव्हता. 1415मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने या प्रथेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी चेक धर्मसुधारक जान हुसला जिवंत जाळण्यात आले आणि त्याच्या अनुयायांनी प्याला हेच आपले निशाण केले.

1529मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे प्रॉटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. लूथरने मेजावर खडूने 'हे माझे शरीर आहे' असे लॅटिनमध्ये लिहिले आणि तो त्यावरून हटला नाही; झ्विंग्लीच्या मते इथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. चर्चेअंती मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधरावे प्रभुभोजनाचे होते. त्यातही बऱ्याच गोष्टी जुळल्या. शरीर भाकरीत खरोखर आहे का, एवढ्यावर सगळे अडले.

1982मध्ये पेरूतल्या लिमा येथे तयार झालेल्या निवेदनात अनेक परंपरांच्या धर्मपंडितांनी आभार, स्मरण, पवित्र आत्म्याला विनवणी आणि सहभागिता या मुद्द्यांवर बरीच जवळीक नोंदवली. मेज मात्र एक झाले नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च इतर परंपरांच्या लोकांना सहसा प्रभुभोजन देत नाहीत. त्यामुळे दोन वेगळ्या परंपरांतले नवराबायको एकाच बाकावर प्रार्थना करतात, आणि भाकर घ्यायला उठायची वेळ आली की त्यांतले एक जण जागेवरच बसून राहते.