आळ गुरांवर, परजीवी माणसांचा

१९९३च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जुलाबांची प्रचंड साथ आली. अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. धडधाकट माणसं आठ-पंधरा दिवसांत सावरली, पण प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांपैकी, विशेषतः एड्सच्या रुग्णांपैकी, अनेक जण दगावले. शहराला मिशिगन सरोवराचं पाणी मिळतं आणि दक्षिणेकडच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी त्या दिवसांत गढूळ झालं होतं. त्यात क्लोरीन होतंच. पण साथीला कारणीभूत ठरलेला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तो कवचात बंद होऊन. ही कवचबंद अवस्था, म्हणजे ऊसिस्ट, जेमतेम ४ ते ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला अजिबात दाद देत नाही.

परजीवी सरोवरात आला कुठून? बर्फ वितळत होता, पाऊस झाला होता, नद्या भरून सरोवराला मिळत होत्या. काठावर गुरांचे गोठे होते, कत्तलखाने होते, शहराचं सांडपाणीही होतं. गोठ्यांवर संशय येणं अगदी साहजिक होतं, कारण कोवळ्या वासरांना हगवण लावणारा परजीवी हाच, असं तेव्हा पाठ्यपुस्तकंही सांगत. सूक्ष्मदर्शकाखाली वासराच्या शेणातला ऊसिस्ट आणि माणसाच्या शौचातला ऊसिस्ट शेजारी ठेवले, तर अनुभवी डोळ्यालाही फरक दिसत नाही.

फरक डीएनएत सापडला. साथीतल्या रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले, तेव्हा त्यांतला परजीवी माणसा-माणसांतच फिरणाऱ्या प्रकाराचा निघाला. रोख शेणाकडून सांडपाण्याकडे वळला. २००२मध्ये या प्रकाराला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा आणि क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस हे नाव मिळालं. वासरांत आणि माणसांत दोन्हीकडे आढळणारा तो क्रिप्टोस्पोरिडियम पार्वम. दोघांचे जीनोम, म्हणजे डीएनएतला अक्षरांचा संपूर्ण मजकूर, २००४मध्ये वाचून झाले. दोन्ही सुमारे ९० लाख अक्षरांचे आहेत आणि त्यांत फरक आहे तो शेकडा तीन ते पाच अक्षरांचा. एवढ्याशा फरकावर कोणाच्या आतड्यात घर करायचं हे ठरतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

प्रजातीच्या आतली ओळख पटवायला ‘जीपी ६०’ नावाचं जनुक वापरतात. ते परजीवीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं आहे. या जनुकात एके ठिकाणी ‘टीसीए’ आणि ‘टीसीजी’ ही तीन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती किती वेळा आली हे मोजायचं आणि तोच आकडा उपप्रकाराच्या नावात घालायचा. मिलवॉकीचा उपप्रकार ‘आयबी-ए१०जी२’ होता, म्हणजे ‘आयबी’ कुळातला, ‘टीसीए’ दहा वेळा आणि ‘टीसीजी’ दोन वेळा असलेला. गंमत म्हणजे दोन्ही त्रिकूटं प्रथिनाच्या साखळीतल्या सेरिन या एकाच अमिनो आम्लाची. त्यामुळे ‘ए’च्या जागी ‘जी’ आला तरी प्रथिनाला काही फरक पडत नाही, आणि आपल्याला मात्र माग काढायला खूण मिळते.

आपल्याकडे याचं मोल फार मोठं आहे. तान्ह्या मुलांना अंथरुणाला खिळवणाऱ्या जुलाबांच्या प्रमुख कारणांत क्रिप्टोस्पोरिडियम मोडतो. कुपोषित बाळांवर खात्रीने चालेल असं औषध अजून हाताशी नाही, त्यामुळे त्याची वाट अडवणं हाच खरा उपाय. वेल्लोरच्या संशोधकांनी मुलांचे नमुने तपासले तेव्हा त्यांत होमिनिसचंच प्राबल्य दिसलं. अशा वस्तीत शेळ्या-गाई लांब बांधून फारसं साधणार नाही. शौचाची विल्हेवाट, हात धुणं आणि पाणी उकळणं यांवरच भर द्यावा लागेल. पार्वममध्येही ‘टूसी’ नावाचं एक कुळ असं आहे, की ते जवळजवळ फक्त माणसांतच सापडतं. म्हणजे ‘पार्वम’ हे नाव आलं म्हणून लगेच वासराला दोष देता येत नाही.

जुलाब लावणारा आतड्यातला आणखी एक परजीवी म्हणजे जिआर्डिया. त्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. सूक्ष्मदर्शकाखाली सूक्ष्मजीव पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १६८१मध्ये स्वतःच्याच शौचात पाहिलेला हा परजीवी आज ‘ए’पासून ‘एच’पर्यंत आठ गटांत विभागला जातो. ‘सी’ आणि ‘डी’ कुत्र्यांचे, ‘ई’ गाई-शेळ्यांसारख्या खुरांच्या जनावरांचा, ‘एफ’ मांजरांचा. माणसाला गाठणारे मुख्यतः ‘ए’ आणि ‘बी’, आणि हे दोन्ही प्राण्यांतही राहू शकतात. या दोघांची प्रथिनं जुळवून पाहिली तर साम्य जेमतेम ७८ टक्के भरतं. इतकं अंतर असूनही दोघांना एकाच प्रजातीत कोंबणं मला पटत नाही, आणि बऱ्याच अभ्यासकांचंही तेच म्हणणं आहे.

आसामच्या चहामळ्यांतल्या वस्त्यांमध्ये संशोधकांनी माणसं आणि त्यांच्यातच वावरणारी कुत्री यांचे नमुने एकत्र तपासले, तेव्हा काही जिआर्डिया दोघांत सारखेच निघाले. ज्या घरच्या कुत्र्यात जिआर्डिया होता, त्या घरातल्या माणसांत तो असण्याची शक्यताही जास्त दिसली. इथे कुत्रा खरोखरच साखळीतला दुवा होता. त्याच वस्त्यांत कुत्र्यांच्या विष्ठेत गोल जंतांची अंडीही सापडली. डीएनएने ती माणसाच्या जंताची असल्याचं दाखवलं. उघड्यावरची माणसाची विष्ठा कुत्री खात होती आणि अंडी तशीच्या तशी दुसरीकडे नेऊन टाकत होती. जिआर्डियासाठी कुत्र्यावर उपचार करून काही उपयोग होईलही, पण या जंतासाठी त्याला जंताची गोळी देऊन काहीच होणार नाही, कारण तो जंत त्याच्या पोटात राहतच नाही. तिथे वस्तीला हवेत ते संडास.