तोंड पुन्हा वाकडं झालं: बेल्स पाल्सी की मेल्कर्सन-रोझेंथाल?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आमच्या आत्याचं तोंड पहिल्यांदा वाकडं झालं, तेव्हा सगळे म्हणाले, थंडीचा वारा लागला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायचा, डावा डोळा मिटत नव्हता. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचा अचानक येणारा लकवा, सांगितली आणि दोन महिन्यांत ती बरी झाली. ते निदान तेव्हा योग्यच होतं. चार वर्षांनी तेच पुन्हा झालं, आणि या वेळी वरचा ओठही टम्म सुजला होता.

बेल्स पाल्सी आणि मेल्कर्सन-रोझेंथाल, दोन्ही आजारांत दुखणं चेहऱ्याच्या नसेचं, म्हणजे सातव्या मज्जातंतूचं. पापणी मिटणारा स्नायू त्याच्याच ताब्यात असतो. बेल्स पाल्सी एक-दोन दिवसांत पूर्ण जोर धरते, त्या बाजूच्या कपाळावर आठीही पडत नाही. (आठी पडते पण तोंड वाकडं आहे, हात लुळा किंवा बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो, लगेच हॉस्पिटल गाठा.) ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केलं तर सुधारण्याची शक्यता वाढते. बहुतेकांना ती पुन्हा होत नाही.

मेल्कर्सन-रोझेंथाल दुर्मीळ आणि चिवट. स्वीडनच्या मेल्कर्सन यांनी १९२८ मध्ये सूज आणि चेहऱ्याचा लकवा यांची सांगड घातली. १९३१ मध्ये जर्मनीच्या रोझेंथाल यांनी त्यात भेगाळलेली जीभ जोडली. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात. बऱ्याचदा ती वर्षावर्षांच्या अंतरानं येतात, म्हणून प्रत्येक वेळी नवाच आजार वाटतो. नुसत्या भेगांनी मात्र घाबरू नका, तशी जीभ कितीतरी निरोगी माणसांची असते.

खरी खूण सूज. ती सहसा दुखत नाही, खाजत नाही, ॲलर्जीच्या गोळीला दाद देत नाही. आधी ओसरते, मग हळूहळू मुक्काम ठोकते आणि ओठ रबरासारखा घट्ट लागतो. ओठाचा तुकडा तपासला तर दाहपेशींच्या गाठी सापडू शकतात. तशाच गाठी क्रोन्स (आतड्यांचा जुनाट दाह), सारकॉइडोसिस (फुप्फुसं आणि इतर अवयवांत अशा गाठी होणारा आजार) आणि क्षयातही असतात, म्हणून आधी ते वगळावे लागतात. हमखास उपाय नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा ओठातच इंजेक्शन देतात.

आत्याच्या बाबतीत उपयोगी पडले ते घरच्या लग्नामुंजीतले फोटो. कुठल्या साली ओठ सुजला होता, ते तारखेसह डॉक्टरांसमोर ठेवता आलं. आता रात्री डोळ्यात मलम घालून पापणीवर पट्टी लावतो, कारण उघड्या राहिलेल्या डोळ्याचं बुबुळ कोरडं पडून त्याला जखम होऊ शकते.