सावकाश रेघ, लांब श्वास आणि हृदयाचा ब्रेक

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये 'माइंडफुल ड्रॉइंग'चं वर्कशॉप, कुठल्याही वयाचे चालतील, चित्रकला यायलाच पाहिजे असं नाही. इथपर्यंत छानच होतं, पण खाली लिहिलं होतं की मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, काढल्याने उजवा मेंदू जागा होतो, नकारात्मक ऊर्जा बाहेर पडते आणि चक्रं शुद्ध होतात. मी गेली अठरा वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असं काही वाचलं की मला गप्प बसवत नाही. तरी वर्कशॉपला गेले, आणि सांगायलाच हवं की मला ते मनापासून आवडलं, दोन तासांनी उठले तेव्हा मान-खांदे खरंच सैल झाले होते. फायदा खरा आहे, त्याला चिकटवलेलं कारण तेवढं चुकीचं आहे, आणि खरं कारण इतकं सुंदर आहे की ते लोकांना कोणी सांगत कसं नाही याचं मला वाईट वाटतं.

आम्ही पंधरा-सोळा जण सतरंजीवर बसलो होतो, कॉलेजच्या दोन मुली, एक रिटायर्ड बँकवाले काका, बाकी आमच्यासारख्या. प्रत्येकाला एक कार्ट्रिज पेपर, एक पेन्सिल आणि कंपाउंडमधल्या झाडाचं एकेक पिंपळाचं पान दिलं, खोडरबर मुद्दाम दिला नाही. शिकवणाऱ्या मुलीने एकच नियम सांगितला: पानाच्या कडेवरून नजर हळूहळू फिरवायची, श्वास सोडताना रेघ पुढे न्यायची, श्वास घेताना पेन्सिल कागदावरच थांबवायची. पहिली पाच मिनिटं खुसफूस, कोणाचा तरी मोबाईल वाजला, मग हॉल असा शांत झाला की पेन्सिलींची खरखर ऐकू यायला लागली. पिंपळाच्या पानाला ते लांब टोक असतं ना, नुसतं ते टोक काढायला मला तीन श्वास लागले. शेजारी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अगं, ही तर रांगोळीच झाली की. चिमटीतून रांगोळी सुटायला लागली की श्वास पण आपोआप सुटतो." ते ऐकलं आणि मी पेन्सिल खाली ठेवून डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

तुम्हीही वाचता वाचता करून बघा. अंगठ्याच्या मुळाशी नाडी सापडली की आधी साधा श्वास घ्या, मग चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर असा सावकाश. दोन-तीन श्वासांनंतर लक्षात येईल की श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांब लांब जातात. यात आजार काहीच नाही, उलट निरोगी हृदयाचं हे लक्षण आहे. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८४७ मध्ये फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर टिपलं होतं, म्हणजे शरीराकडून रेघ काढून घेऊनच!

आता हे का होतं ते जरा नीट सांगते, कारण माझा जीव खरा इथे अडकलेला आहे. हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, भिंतीत एसए नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो, तो स्वतःच ठोके देतो, मेंदूने सांगायची वाट बघत नाही. पण त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या लोकांमध्ये हे स्पष्ट दिसतं, नव्या हृदयाच्या नसा कापल्या गेलेल्या असतात म्हणून शांत बसलेले असतानाही त्यांचे ठोके ९० ते ११० असतात. मग आपले ७० कसे? तर मेंदूच्या तळाशी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या मस्तिष्कपुच्छातून, व्हेगस नावाची नर्व्ह निघते, लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकणारी, कारण ती गळा, फुफ्फुसं, हृदय, जठर, आतडी अशी सगळीकडे हिंडते. तिने हृदयाचा ब्रेक कायम थोडासा दाबून धरलेला असतो. आपण श्वास घेतो तेव्हा श्वासाचं नियंत्रण करणारं मस्तिष्कपुच्छातलंच केंद्र शेजारच्या व्हेगसच्या पेशींना तेवढ्यापुरतं गप्प करतं, ब्रेक सुटतो, ठोके वाढतात, आणि श्वास सोडला की ब्रेक पुन्हा लागतो. ब्रेक म्हणजे तरी काय, तर नर्व्हच्या टोकातून असिटिलकोलीन हे रसायन सुटतं, ते एसए नोडच्या पेशींवर बसतं, त्याने पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियमचे धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले कण, बाहेर जातात, पेशी आतून अजून ऋण होते आणि पुढच्या ठोक्याच्या पातळीला पोचायला तिला जास्त वेळ लागतो. हे सगळं एका-दोन ठोक्यांत होतं आणि तितक्याच झटपट संपतं, कारण असिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम तिथे भरपूर असतं. याउलट धावपळीच्या वेळचं नॉरॲड्रेनालिन पेशीच्या आत बऱ्याच पायऱ्यांनी काम करतं, त्याला चढायला आणि उतरायला कित्येक सेकंद लागतात. म्हणून एका श्वासाच्या वेगाने हृदयाशी बोलायचं असेल तर रस्ता व्हेगसचाच.

हे रसायन सापडलं त्याची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ऑस्ट्रियात ग्राझला ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांना रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत चिटोऱ्यावर खरडून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं तेव्हा ते उठून थेट लॅबमध्ये गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, पहिल्याची व्हेगस उत्तेजित केली, ते मंदावलं, मग त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्यावर घातलं आणि तेही मंदावलं! म्हणजे नर्व्हकडून हृदयाकडे निरोप जातो तो रसायनाच्या रूपात. प्रयोग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं.

अजून एक पायरी आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये रक्तदाब मोजणारे सेन्सर असतात, दाब वाढला की ते व्हेगसला सांगतात, ठोके कमी होतात, दाब उतरतो, पण या फेरीत जवळपास पाच सेकंदांचा उशीर होतो, त्यामुळे दाब आणि ठोके आपोआपच साधारण दहा सेकंदांच्या लयीत वरखाली होत असतात. आपण नेहमी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, ते त्या लयीशी जुळत नाहीत. मिनिटाला सहा श्वास घेतले, म्हणजे दहा सेकंदांना एक, की दोन्ही लयी एकावर एक बसतात. झोका मागे येऊन थांबतो नेमक्या त्या क्षणी धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसंच. अशा श्वासात ठोक्यांचा चढउतार सगळ्यात मोठा होतो.

इटलीत लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ जणांना लॅटिनमधून रोझरीची, म्हणजे कॅथलिक जपमाळेची, प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म दोन, भाषा दोन, श्वास एकच. आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा परंपरेचा मान ठेवूनही मोजता येतं हे आपल्या शेजारीच शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी करून दाखवलंय. म्हणून मला चक्रशुद्धीच्या जाहिरातींचा राग येतो, त्यात मोजण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं आणि माणसाच्या काळजीवर पैसे मात्र घेतले जातात.

उजव्या मेंदूचंही तेच. रॉजर स्पेरी यांनी ज्यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल एपिलेप्सीसाठी कापला होता अशा लोकांवर काम केलं, त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, आणि लोकांनी त्याचा अर्थ 'उजवा कलाकार, डावा हिशेबनीस' असा करून टाकला. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजारावर मेंदूंचे स्कॅन तपासले तेव्हा उजव्या मेंदूची माणसं आणि डाव्या मेंदूची माणसं असे गट सापडलेच नाहीत. भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त असतं हे खरं, पण पानाची कड बघून हात चालवायला दोन्ही बाजू लागतात.

चित्र काढून ताण कमी होतो याचा पुरावा काय असं कोणी विचारलं तर लोक २०१६ चा अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा अभ्यास सांगतात. गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं हवं ते करायला दिलं, रंग, माती, कोलाज, आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांत ते उतरलं, आणि चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही, जे मला फार आवडलं. पण तुलनेसाठी नुसता बसवलेला दुसरा गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवसभरात तसंही उतरत जातं, त्यामुळे एवढ्यावर 'सिद्ध झालं' म्हणणं घाईचं आहे.

मग एकट्याने घरी बसून काढलं तर चालणार नाही का? चालेल की. पण सोबतीची एक गंमत स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या अभ्यासात २०१३ मध्ये दिसली, एकत्र गाणाऱ्यांचे ठोके एकाच वेळी वाढत होते आणि एकाच वेळी कमी होत होते, कारण गाण्याच्या ओळी सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावतात. ऋषिपंचमीला पहाटे पुण्याच्या दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात तिथेही श्वास असाच बांधलेला असणार. आमच्या वर्कशॉपमध्येही शिकवणारी पहिली दहा मिनिटं 'घ्या... सोडा...' म्हणत होती. त्याहून साधी गोष्ट म्हणजे बँकवाले काका, बायको गेल्यापासून लिफ्टमध्येसुद्धा कोणाशी बोलत नाहीत, ते शेवटी आपलं पान हातात धरून चार जणांना दाखवत होते, आणि आता दर रविवारी तेच सतरंज्या काढून ठेवतात. याला असिटिलकोलीन पुरणार नाही, याला शेजार लागतो.

जपून करायच्या गोष्टी दोनच. जोरजोरात खोल श्वास घेऊ नका, चक्कर येते, श्वास हलका आणि सावकाश हवा, आणि श्वासाकडे लक्ष दिल्यावर कोणाला घाबरायला होत असेल तर त्याने नुसतं पान बघून चित्र काढावं. आणि झोप उडालीय, आठवडेच्या आठवडे मन उदास आहे, तर डॉक्टरकडे जायचं, वर्कशॉप त्याच्या जोडीला.

काकूंनीही नाडी बघितली होती, त्यांना फरक फारसा लागेना. वयाबरोबर हा चढउतार कमी होतोच, पण त्यांना बारा वर्षांचा डायबेटिस आहे आणि डायबेटिसमध्ये या नसांना इजा होऊ शकते, डॉक्टर ईसीजी लावून मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावतात आणि ठोक्यांतला फरक बघतात ते यासाठीच. तेवढं पुढच्या व्हिजिटला विचारा असं मी त्यांना सांगितलं, त्यांनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

परवा सकाळी दूध घ्यायला निघाले तर त्या दारात वाकून रांगोळी काढत होत्या, अकरा ते एक ठिपके. मी जिन्यात उभी राहून मोबाईलवर वेळ लावला आणि त्यांच्या खांद्यांकडे बघत श्वास मोजले. मिनिटाला सात. प्रत्येक वळणदार रेघ श्वास सुटतानाच जात होती, चिमूट भरायला हात वाटीकडे गेला की श्वास आत. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "अगं, उभी काय राहिलीस, भिंतीकडून ये, ठिपक्यांवर पाय पडेल."