टर्मिनलमधील रंगीत आउटपुट
टर्मिनलमधील रंगीत आउटपुट : युनिक्स आणि तिच्यासारख्या प्रणालींत आज्ञा चालवल्यावर पडद्यावर येणारा मजकूर वेगवेगळ्या रंगांत दाखवण्याची पद्धत. फाइलींच्या यादीत डिरेक्टरी निळ्या आणि चालवता येणाऱ्या फाइली हिरव्या दिसतात, शोधलेला शब्द ओळीत लाल होऊन उठून दिसतो, ती ही पद्धत. प्रोग्रॅम मजकुराच्या मध्येच काही सांकेतिक अक्षरे पाठवतो. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची व उत्तर दाखवणारी खिडकी किंवा यंत्र, ती छापत नाही, हुकूम समजून पाळते आणि पुढची अक्षरे रंगवते. त्यामुळे रंग दिसायचे तर प्रोग्रॅमने ते पाठवायला हवेत, वाटेत ते कोणी अडवायला नकोत आणि टर्मिनलला ते कळायला हवेत. ‘रंग येत नाहीत’ ही तक्रार सोडवताना आधी यांपैकी कुठे अडले आहे ते पाहावे. नाहीतर सेटिंगच्या फाइली उगाच चाळल्या जातात.

संकेत अगदी छोटा असतो. सुरुवातीला एस्केप हे अक्षर येते. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतसंचात त्याचा क्रमांक २७ आहे आणि शेलमध्ये, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते बहुधा अष्टमान पद्धतीने ०३३ असे लिहितात. त्यापुढे उघडणारा चौकोनी कंस, मग आकडा आणि शेवटी लहान एम. आकडा ३१ असेल तर पुढचा मजकूर लाल, ३२ असेल तर हिरवा, ३४ असेल तर निळा. अक्षरांसाठी ३० ते ३७ आणि पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ असे आठ-आठ रंग आहेत, १ म्हणजे ठळक आणि ० म्हणजे सगळे पूर्ववत. हा शेवटचा शून्य पाठवायला विसरले की लाली पुढच्या ओळींवर आणि प्रॉम्प्टवरही (आज्ञा टंकायच्या जागेआधी दिसणाऱ्या खुणेवरही) पसरते. पुढे ९० ते ९७ हे उजळ रंग आले. नंतर २५६ रंगांची सोय झाली. तीत १६ मूळ रंग, सहा गुणिले सहा गुणिले सहा अशा घनातले २१६ आणि करड्या रंगाच्या २४ छटा असतात. आता बहुतेक टर्मिनलांना लाल, हिरवा व निळा यांची प्रत्येकी २५६ मूल्ये देऊन १,६७,७७,२१६ रंग सांगता येतात.

हे संकेत १९७६ च्या एक्मा-४८ या मानकातून आणि १९७९ च्या अ‍ॅन्सी एक्स३.६४ मधून आले. ज्या टर्मिनलमुळे ते घरोघरी पोचले ते डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीचे व्हीटी१०० (१९७८) स्वतः एकरंगीच होते. ठळक, अधोरेखित, लुकलुकणारे आणि उलट छटेतले अक्षर एवढेच त्याला जमे. तरी ‘अ‍ॅन्सी रंग’ हे नाव आजही चालते.

टर्मिनलला काय जमते हे प्रोग्रॅमला ‘टर्म’ या चलातून (शेल प्रोग्रॅमांना देतो त्या नामांकित मूल्यातून) समजते. त्यातले नाव टर्मइन्फो या माहितीसंग्रहात शोधले जाते आणि त्या टर्मिनलचे संकेत तिथून मिळतात. ‘टीपुट कलर्स’ एवढे लिहिले की नोंदीतला रंगांचा आकडा कळतो. एसएसएचने दूरच्या यंत्रावर गेल्यावर हे नाव सोबत जाते, पण तिथल्या संग्रहात त्याची नोंद नसेल तर रंगच काय, पूर्ण पडदा वापरणारे प्रोग्रॅमही अडतात. ‘टर्म’ला हाताने मनाला येईल ती किंमत देण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, तो टाळावा, कारण टर्मिनलबद्दल खोटी माहिती दिली तर नंतर कर्सर भलतीकडे जातो.

बहुतेकांची गाडी अडते ती मात्र पाइपपाशी, म्हणजे एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याकडे देणाऱ्या जोडणीपाशी. चांगला प्रोग्रॅम आपले आउटपुट खरोखर टर्मिनलकडे जाते आहे का, हे आधी तपासतो. सी भाषेत त्यासाठी इजएटीटीवाय हे फंक्शन आहे, शेलमध्ये ‘टेस्ट -टी १’. पुढे पाइप किंवा फाइल असेल तर तो रंग गाळतो. ‘--कलर=ऑटो’ या पर्यायाचा अर्थ हाच. ‘ऑलवेज’ने रंग कायम राहतात, ‘नेव्हर’ने बंद होतात. फाइलींची यादी लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पाहताना रंग गेले, तर प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, तो शहाणपणाने वागलेला असतो. तिथे दोन्ही टोके सांभाळावी लागतात. यादी देणाऱ्या एलएस या आज्ञेला ‘ऑलवेज’ द्यायचे आणि लेसला मोठ्या आरचा पर्याय द्यायचा. तो दिला नाही तर लेस एस्केपची अक्षरे जशीच्या तशी लिहून दाखवते.

मग ‘ऑलवेज’च कायमचे का ठेवू नये, याचे उत्तर एका प्रयोगात आहे. ‘डिस्क भरली’ अशी ओळ असलेल्या नोंदवहीत ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने ‘ऑलवेज’ लावून ‘डिस्क’ शोधावे आणि ते आउटपुट दुसऱ्या ग्रेपकडे देऊन ‘डिस्क भरली’ शोधावे. ओळ डोळ्यांसमोर असून दुसऱ्या ग्रेपला ती सापडत नाही, कारण ‘डिस्क’नंतर, मधल्या मोकळ्या जागेच्या आधी, रंग थांबवणारा संकेत घुसलेला असतो. हीच घाण फाइलींत साठते आणि स्क्रिप्टा मोडते. म्हणून ‘ऑलवेज’ त्या एका आज्ञेपुरतेच द्यावे.

ग्नू एलएस स्वतःहून रंग देत नाही. लिनक्सच्या अनेक वितरणांत शेलच्या एलिअसमध्ये (आज्ञेला दिलेल्या पर्यायी नावात) ‘ऑटो’ आधीच लिहिलेले असते. एलिअस स्क्रिप्टमध्ये किंवा सुडोच्या (दुसऱ्या वापरकर्त्याच्या, बहुधा प्रशासकाच्या, अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या आज्ञेच्या) मागे लागू होत नाही, त्यामुळे तीच आज्ञा तिथे बेरंग दिसते. कोणत्या फाइलीला कोणता रंग हे ‘एलएस_कलर्स’ या चलात असते आणि ‘डिरकलर्स’ ही आज्ञा ते तयार करून देते. बीएसडी व मॅकओएसवर पर्याय मोठ्या जीचा आहे आणि चलाचे नाव ‘एलएसकलर्स’, मध्ये अधोरेघ नसलेले. त्याची लिहिण्याची रीतही वेगळी. रंग नकोच असतील तर २०१७ पासून ‘नो_कलर’ या चलाचा संकेत रूढ होतो आहे. त्यात काहीही लिहिलेले असले की तो मानणारे प्रोग्रॅम रंग सोडत नाहीत.

प्रॉम्प्ट रंगवताना बॅश या शेलमध्ये संकेताभोवती उलटी तिरकी रेघ आणि चौकोनी कंस अशा खुणा घालाव्या लागतात. त्या नसतील तर बॅश न दिसणारी अक्षरेही लांबीत मोजतो आणि मोठी आज्ञा टंकताना ओळ खाली न जाता स्वतःवरच चढते.

३४ म्हणजे नेमका कोणता निळा, हे टर्मिनलची रंगपेटी ठरवते. काळ्या पडद्यावर एलएसच्या डिरेक्टरींचा गडद निळा अनेकांना वाचता येत नाही. तेव्हा एलएसला हात न लावता टर्मिनलमधला तो निळा उजळ करावा. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांची संख्याही लहान नाही. म्हणून चाचणी नापास झाल्याचे सांगणाऱ्या प्रोग्रॅमने लाल रंगाबरोबर ‘नापास’ हा शब्दही छापलाच पाहिजे.